ब्रायन मेचा गिटार टोन घरी कसा मिळवायचा: चाराण्याच्या नाण्यापासून तिपदरी सुरावटीपर्यंत

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं कुठलंही जुनं गाणं लावा, त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याची गिटार दोन सुरांत ओळखू येते. तार लांबवली की आवाज गळ्यातून आल्यासारखा वाटतो, पण त्यात घुसमट किंवा घरघर नसते. हा आवाज काढायला निघालेली बहुतेक मंडळी आधी डिस्टॉर्शनचं पेडल घेतात आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) चढवत नेतात. तिथंच वाट चुकते, कारण ब्रायनच्या साखळीत डिस्टॉर्शन पेडल मुळातच नाही. दोन पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबकी गुंडाळी) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले, त्यांच्यापुढे बास, म्हणजे खालचे सूर, कापणारा एक छोटा बूस्टर, त्यापुढे पूर्ण उघडलेला अँप आणि या सगळ्याला लगाम घालणारा गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब, एवढीच सामग्री. या साखळीतला क्रम आणि प्रमाण जमलं की साध्या गिटारवरही तो आवाज बराच जवळ येतो. प्रमाण बिघडलं तर त्याच्या नावाची महागडी गिटार घेऊनही तो येत नाही.

आधी कोणती गाणी ऐकायची

तीन गाणी हेडफोन लावून ऐका. १९७४ च्या ‘किलर क्वीन’मध्ये सोलोच्या ओळी एकमेकींवर रचत कशा नेल्या आहेत ते कळतं. त्याच वर्षीच्या ‘ब्रायटन रॉक’च्या मधल्या लांब सोलोत एको वापरून एकट्यानं दोन-तीन गिटारींचा संवाद उभा केला आहे. १९७५ च्या ‘गुड कंपनी’त क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट घेतलेला जुना जॅझ बँड वाजतोय असं वाटतं, पण तीही सगळी गिटारच आहे.

एक गाणं मात्र नमुना म्हणून घेऊ नका, १९७९ चं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’. त्यातला सोलो ब्रायननं नेहमीची गिटार सोडून टेलिकास्टरच्या कुळातल्या फेंडर एस्क्वायरवर वाजवला आणि अँपही मेसा बूगीचा होता. या लेखातल्या साखळीतून तो आवाज निघणार नाही.

ती गिटार आणि तिच्यातून घ्यायच्या गोष्टी

रेड स्पेशल ही गिटार ब्रायननं शाळकरी वयात, १९६३ पासून पुढची साधारण दोन वर्षं, वडील हॅरॉल्ड यांच्यासोबत घरी बनवली. नेक जुन्या फायरप्लेसच्या महोगनी लाकडाचा. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक आईच्या विणायच्या सुईचं आणि फ्रेटवरच्या खुणा तिच्याच शिंपल्याच्या बटणांच्या. पिकअपही आधी घरीच गुंडाळले होते, पण तार ताणली की आवाज विचित्र तुटायचा. म्हणून बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप आणून बसवले आणि ते मायक्रोफोनसारखे कुईकुई करू नयेत म्हणून त्यांत अॅराल्डाइट भरलं.

या इतिहासातल्या तीनच गोष्टी टोनसाठी कामाच्या आहेत. एक, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४ इंचांचं, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅट गिटारच्या साडेपंचवीस इंचांपेक्षा आखूड. त्यामुळे तारा सैल आणि मऊ लागतात. दोन, बॉडी आतून काही भागात पोकळ आहे. अँपसमोर उभं राहिलं की सूर धरून राहतो, हवा तेव्हा फीडबॅकमध्ये फुलतो. तीन, आणि ही सगळ्यात मोठी, तिन्ही पिकअप सिरीजमध्ये जोडलेले आहेत. प्रत्येकाला एक चालू-बंद स्विच आणि एक फेज स्विच (त्या पिकअपचा सिग्नल उलटा करणारा), असे मिळून सहा स्विच.

स्ट्रॅटवर दोन पिकअप एकदम लागतात तेव्हा ते पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले, असतात. आवाज पातळ आणि खणखणीत येतो, ताकद थोडी कमीच होते. सिरीजमध्ये एकाचा सिग्नल दुसऱ्यातून जातो. ताकद वाढते, मधला पट्टा भरतो, वरची धार बोथट होते. ब्रायनचं नेहमीचं ठिकाण म्हणजे ब्रिज आणि मधला पिकअप, सिरीजमध्ये, एकाच फेजमध्ये. तुमचं नव्वद टक्के काम याच जोडीवर होईल.

स्ट्रॅटवर ही जोडी कशी करायची

ब्रायन मे गिटार्स या कंपनीची रेड स्पेशलची आवृत्ती परवडत असेल तर प्रश्नच मिटला. पण हातात तीन सिंगल कॉइलची कुठलीही स्ट्रॅटसारखी गिटार असेल, तर सहा पायांचा एक छोटा टॉगल स्विच, थोडी वायर आणि सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर काम भागतं. स्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डीपीडीटी या नावानं मिळतो. पिकगार्डला भोक पाडायचं नसेल तर पुश-पुल पॉट (ओढता-दाबता येणारा नॉब) घ्या, त्याच्या बुडाला हाच स्विच असतो.

पिकगार्ड उघडण्याआधी आतल्या वायरिंगचा मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा. मग मधल्या पिकअपची जी वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर ग्राउंडला जोडलेली असते ती सोडवा. डीपीडीटीला तीन-तीन पायांच्या दोन रांगा असतात. पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला ही सोडवलेली वायर जोडा. त्याच रांगेच्या एका टोकाच्या पायापासून ग्राउंडला वायर न्या. आता ब्रिज पिकअपची हॉट वायर (सिग्नल नेणारी) फाइव्ह-वे सिलेक्टरवरून काढा आणि दुसऱ्या रांगेच्या मधल्या पायाला जोडा. या दुसऱ्या रांगेत, ग्राउंडच्या बाजूच्या टोकापासून एक वायर सिलेक्टरच्या त्या रिकाम्या झालेल्या जागी न्या. शेवटचं काम म्हणजे दुसऱ्या रांगेचा मधला पाय आणि पहिल्या रांगेचं उरलेलं टोक एकमेकांना छोट्या वायरनं जोडायचे. दुसऱ्या रांगेचं उरलेलं टोक रिकामंच राहील.

आता स्विच एका बाजूला असेल तर गिटार पूर्वीसारखी वागेल. दुसऱ्या बाजूला टाकून सिलेक्टर बरोबर मध्यावर ठेवला की मधला आणि ब्रिज पिकअप सिरीजमध्ये वाजतील. खात्री मल्टिमीटरनं करा. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकवर रेझिस्टन्स मोजा. एकेक पिकअप सहा किलोओहमच्या आसपास असेल तर सिरीजमध्ये अकरा-बारा दिसायला हवेत. तीनच्या जवळपास आकडा आला तर दोन्ही पिकअप अजून पॅरलल आहेत. आकडा बरोबर येऊनही आवाज चिरका आणि बिनबुडाचा वाटत असेल, तर दोघांपैकी एक उलट्या फेजमध्ये आहे. मधल्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

सोल्डरिंग नको असेल तर हंबकर असलेली गिटार घ्या. हंबकर म्हणजे मुळात सिरीजमधल्या दोन कॉइलच. फरक इतकाच की त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे मे-जोडीतला तो किंचित नाकातला सूर मिळत नाही. ब्रिजचा हंबकर लावून टोन नॉब सातवर आणा, काम चालेल.

तारा आणि नाणं

ब्रायन पातळ तारा वापरतो, ९ ते ४२ च्या, सुरुवातीच्या काळात तर ८ च्या. स्ट्रॅटच्या लांब स्केलवर रेड स्पेशलसारखा मऊपणा हवा असेल तर ८ ते ३८ चा सेट लावून बघा. जाड तारांनी टोन जाड होतो ही समजूत या साखळीपुरती बाजूला ठेवावी. इथं जाड तारांचा बास नंतर कापायलाच लागतो.

पिकच्या जागी ब्रायन सहा पेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं वापरतो. १९४७ पासून ते तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं निघत होतं, साडेएकोणीस मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि कडेला बारीक खाचा. आपल्याकडे याचा जवळचा भाऊ म्हणजे जुनं चाराण्याचं नाणं. तेही १९ मिलिमीटरचं, खाचांच्या कडेचं, आणि त्याच मिश्रधातूचं. फक्त नीट पारखून घ्या. १९८८ पासून आलेली गेंड्याच्या चित्राची पावली स्टेनलेस स्टीलची आहे. ती कडक असते, तारा खाते आणि आवाजही टोचरा देते. लोहचुंबक जवळ नेलं की लगेच कळतं. स्टीलची चिकटते, तांबं-निकेलची चिकटत नाही. चार आणे २०११ मध्ये चलनातून गेले, पण जुन्या डब्यांत, देवघराच्या खणात आणि नाणी विकणाऱ्यांकडे ही पावली अजून सहज सापडते.

नाणं अंगठा आणि वाकवलेल्या तर्जनीमध्ये सैल धरा, अगदी घसरणार नाही इतपतच. प्लास्टिकचं पिक वाकतं, नाणं वाकत नाही. त्यामुळे जी काही लवचीकता हवी ती बोटांतून द्यावी लागते. घट्ट धरलं तर प्रत्येक सूर ठोकल्यासारखा येतो. नाणं तारेला समांतर ठेवून वाजवलं की सुरुवात गुळगुळीत होते. किंचित तिरकं केलं की खाचा तारेवर घासतात आणि सुराच्या अगदी सुरुवातीला एक बारीक ‘ख्र’ येतो. हा ‘ख्र’ व्यंजनासारखा आहे, त्याच्यामागून स्वर येतो. ब्रायनची गिटार बोलल्यासारखी वाटते त्यात याचा वाटा मोठा आहे. एकच सूर धरा, सरळ नाण्यानं सुरू करून हळूहळू तिरकं करत जा, आणि अँपमधून काय बदलतं ते ऐका. हे काम पेडलनं होत नाही.

ट्रेबल बूस्टर

तरुणपणी ब्रायन आणि त्याचा एक मित्र लंडनच्या मार्की क्लबमध्ये आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरचा कार्यक्रम संपल्यावर मागे थांबून राहिले आणि हा आवाज कसा काढतोस असं त्यालाच विचारलं. रोरीनं व्हॉक्स एसी३० अँप आणि एक छोटी डबी दाखवली. ती डबी म्हणजे डॅलस रेंजमास्टर. ब्रायननं नंतर स्वतःची गिटार त्याच जोडीत लावली, आणि पुढच्या आयुष्याचा आवाज तिथून ठरला. नंतर त्याच्यासाठी पीट कॉर्निश आणि ग्रेग फ्रायर यांनी खास बूस्टर बनवले, पण तत्त्व तेच राहिलं.

रेंजमास्टरमध्ये ओसी४४ हा एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. आत शिरतानाच एक छोटा कपॅसिटर खालचे सूर अडवतो, मग उरलेलं सगळं जोरात वाढवलं जातं. नावात ट्रेबल असलं तरी खरं काम बास कापण्याचं आहे. सिरीजमधली जोडी मुळात जाड असते. ती तशीच पूर्ण उघडलेल्या अँपमध्ये घातली तर खालच्या तारा चिखल करतात. बास आधी काढून टाकला की अँप मधल्या आणि वरच्या सुरांवर फुटतो, म्हणजे करकरतो, आणि कॉर्डमधला एकेक सूर वेगळा ऐकू येतो. बास कापण्याची जागा महत्त्वाची. अँप फुटल्यानंतर इक्वलायझरनं बास कमी केला तर तो परिणाम येत नाही.

बूस्टर साखळीत सगळ्यात आधी, गिटारच्या केबलनंतर लगेच. मध्ये ट्यूनर किंवा बफर (सिग्नल ताकदवान करणारं सर्किट) असलेलं कुठलंही पेडल नको, कारण पिकअप आणि बूस्टर एकमेकांवर थेट परिणाम करतात आणि बफरनं तो धागा तुटतो. नॉब पूर्ण उघडा. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम बूस्टरचं पॉझिटिव्ह ग्राउंड असतं. त्यामुळे बाकीच्या पेडलांच्या एकाच माळेतल्या पॉवरवर तो लावू नका, बॅटरी किंवा वेगळं आयसोलेटेड आउटपुट द्या. शिवाय जर्मेनियम उष्णतेला हळवं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पंख्याखाली वाजवताना त्याचा बायस (ट्रान्झिस्टरचा ठरलेला कामाचा बिंदू) सरकतो आणि आवाज तुटक होऊ शकतो. सिलिकॉनचा बूस्टर घेतला तर ही कटकट नाही, आणि ब्रायनचे नंतरचे बूस्टरही सिलिकॉनचेच.

बूस्टर मिळाला नाही तर सात पट्ट्यांचं ग्राफिक इक्वलायझर पेडल त्याच जागी लावा. १०० हर्ट्झ जवळजवळ तळाला, २०० त्याहून थोडा वर, ४०० किंचित खाली, ८०० किंचित वर, १.६ आणि ३.२ किलोहर्ट्झ चांगले वर, आणि लेव्हल भरपूर चढवलेली. जर्मेनियमचा मऊपणा यात नाही, पण अँप कसा फुटतो ते अगदी बरोबर कळतं.

अँप: नॉर्मल चॅनल, नॉब पूर्ण

एसी३० मध्ये ईएल८४ जातीचे चार पॉवर व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आणि बारा इंची दोन स्पीकर. ब्रायन त्याचं नॉर्मल चॅनल वापरतो, टॉप बूस्ट हे जास्त धारदार चॅनल नाही, आणि व्हॉल्यूम पूर्ण. तीस वॅट हा आकडा कागदावर छोटा दिसतो, पण पूर्ण उघडलेला एसी३० सोसायटीत एकदा लावून बघा, सचिव दारात येईल. म्हणून घरासाठी तीन रस्ते आहेत.

पहिला, चार-पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अँप पूर्ण उघडायचा. तोही कमी आवाजाचा नसतो, पण दारं-खिडक्या बंद करून दुपारी वाजवता येतो. दुसरा, मोठा अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये अॅटेन्युएटर, म्हणजे अँपची ताकद शोषून आवाज कमी करणारं यंत्र. तिसरा, सॉफ्टवेअर किंवा मल्टि-इफेक्ट युनिट, आणि बहुतेकांसाठी हाच शहाणपणाचा. लाइन सिक्सच्या हेलिक्स कुटुंबातल्या यंत्रांवर ‘ए३० फॉन नॉर्मल’ हा अँप आणि ‘डिरेंज्ड मास्टर’ हा बूस्टर घ्या. आयके मल्टिमीडियाच्या अँपलिट्यूबमध्ये ब्रायनच्या नावाचा वेगळा संचच आहे. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यासाठी एसी३० ची मॉडेलं सापडतात. कुठलंही घ्या, टॉप बूस्ट चॅनल टाळा. बूस्टरची धार आणि टॉप बूस्टची धार एकत्र आली की आवाज कानात घुसतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी एक गोष्ट पाळावी. इंटरफेसचा (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डबीचा) इनपुट गेन असा ठेवा की सगळ्यात जोरात वाजवलेल्या कॉर्डलाही लाल दिवा लागणार नाही. तिथं झालेलं डिजिटल फुटणं पुढं कशानंही सुधारत नाही. सुरुवातीला रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, नॉइज गेट सगळं बंद.

अमेरिकेतून परत येताना तिथला व्हॉल्व्ह अँप बरोबर आणणाऱ्यांसाठी: तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मागे व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, एसी३० सारख्याला ३०० व्हीएच्या आसपासचा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि झाकण उघडून हात घालू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असतं.

व्हॉल्यूम नॉब

माझ्या मते हाच या टोनचा गाभा आहे, आणि इथंच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. बूस्टर कायम चालू, अँप कायम पूर्ण. स्वच्छ आवाज, करकरीत कॉर्ड आणि सोलो हे तिन्ही गिटारच्या व्हॉल्यूमवरून निघतात. पायानं चॅनल बदलायचं नाही.

साखळी बसवायची ती दहावरून नाही, तीन-चारवरून. गिटारचा व्हॉल्यूम चारवर ठेवा आणि मोकळा ए मेजर कॉर्ड हलक्या हातानं छेडा. तो स्वच्छ वाजला पाहिजे, फक्त जोरात मारला तर कडेला थोडा करकरला पाहिजे. चारवरच फुटत असेल तर अँपचा किंवा बूस्टरचा गेन कमी करा. पूर्णच स्वच्छ, निर्जीव असेल तर वाढवा. मग सातवर या आणि तोच कॉर्ड मारा. आता दाणेदार फुटणं ऐकू यायला हवं, पण कॉर्डमधला तिसरा सूर मिसळून जाता कामा नये. शेवटी दहावर जाऊन एकच सूर धरा. तो गात राहिला पाहिजे. दहावर कॉर्ड वाजवून गोंगाट वाटला तर घाबरू नका, दहा हे एकेका सुरासाठीच आहे.

ही तीन ठिकाणं हाताला न बघता सापडायला हवीत. करंगळीनं नॉब फिरवत एकच ओळ चार, सात, दहा आणि परत चारवर वाजवण्याचा रियाज रोज पाच मिनिटं करा. बऱ्याच गिटारींवर व्हॉल्यूम उतरवला की आवाज ब्लँकेटखाली गेल्यासारखा होतो. ट्रेबल बूस्टर असेल तर तितका होत नाही, उलट स्वच्छ आवाजाला काचेसारखी चमक येते. बूस्टर कायम चालू ठेवायचं हेही एक कारण.

डाव्या हातानं व्हायब्रॅटो सावकाश आणि रुंद द्या, आणि सूर सुरू झाल्यावर किंचित थांबून. लगेच हलवायला घेतला की गाण्याची जात बदलते.

फेज स्विच

नेक आणि मधला पिकअप, सिरीजमध्ये पण उलट्या फेजमध्ये. खालचे सूर एकमेकांना मारतात, आणि उरतो तो पातळ, किंचाळणारा, रेडिओतून आल्यासारखा आवाज. नुसता वाजवला तर कुणालाही आवडणार नाही. पण पूर्ण फुटलेल्या अँपमध्ये वरच्या सप्तकात घातला की तो सोलोतला सगळ्यात चिरत जाणारा रंग होतो. त्याची ताकद कमी असते, म्हणून व्हॉल्यूम दहावरच ठेवा. स्ट्रॅटवर हे करायचं तर नेक आणि मधल्या पिकअपसाठी आणखी एक सिरीजचा आणि एक फेजचा स्विच लागतो. पहिली जोडी पक्की होईपर्यंत या फंदात पडू नका.

एको: एकट्यानं कॅनन (मागोमाग येणारी तीच सुरावट)

‘ब्रायटन रॉक’साठी ब्रायननं एकोप्लेक्स या टेपवर चालणाऱ्या एको यंत्रांत बदल करून मूळच्यापेक्षा लांब डिले मिळवला. मंचावर मूळ आवाज एका अँपमधून, पहिला प्रतिध्वनी दुसऱ्यातून आणि दुसरा तिसऱ्यातून. तीन वेगळे अँप असल्यानं प्रतिध्वनी मूळ सुरात मिसळून फुटत नाहीत. हीच खुबी घरी जपायची.

मॉडेलरवर किंवा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन डिले लावा, एक ८०० मिलिसेकंदांचा, दुसरा १६०० चा. फीडबॅक शून्य, म्हणजे प्रत्येक डिले एकदाच परत येईल. लेव्हल मूळ आवाजाइतकीच. मूळ आवाज मध्यावर, पहिला डिले पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. डिले अँपच्या नंतर ठेवा, आधी नाही. मेट्रोनोम ७५ वर लावला की एक ठोका बरोबर ८०० मिलिसेकंदांचा होतो.

आता सा वाजवा आणि पुढच्या ठोक्याला तो डावीकडून परत येईल तेव्हा कोमल ग वाजवा. त्याच्या पुढच्या ठोक्याला प. त्या क्षणी उजवीकडे सा, डावीकडे ग आणि मध्ये प, असा मायनर कॉर्ड उभा राहतो. हे जमलं की एकेका सुराऐवजी एका ठोक्यात बसणारी छोटी ओळ घ्या. ओळ छोटी आणि थांबे स्पष्ट ठेवले तरच संवाद ऐकू येतो. सलग वाजवत सुटलात तर तिन्ही बाजूंनी नुसती गर्दी होते.

डीकी अँप आणि गिटारींचा वृंद

क्वीनचा बासवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला कचऱ्याच्या पेटीत एका पोर्टेबल रेडिओचा सर्किट बोर्ड सापडला. तो त्यानं एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि बॅटरीवर चालणारा अँप तयार केला. त्याला सगळे डीकी म्हणतात. जर्मेनियम ट्रान्झिस्टर, छोटा स्पीकर, बास जवळजवळ नाहीच. ट्रेबल बूस्टरमधून तो पूर्ण चढवला की गिटार व्हायोलिन किंवा क्लॅरिनेटच्या जवळ जाते. ‘गुड कंपनी’तला तो जॅझ बँड याच खोक्यातून निघाला.

घरी हा आवाज काढायला बॅटरीवरचा कुठलाही छोटा ट्रान्झिस्टर अँप घ्या, बूस्टरमधून तो चढवा आणि माइक अगदी जवळ लावा. सॉफ्टवेअरमध्ये करायचं तर एखादा छोटा ट्रान्झिस्टर अँप निवडून त्यानंतर २०० हर्ट्झखालचं आणि ५ किलोहर्ट्झवरचं सगळं कापा. नेक पिकअप लावा. क्लॅरिनेटसाठी टोन नॉब उतरवा, ट्रम्पेटसाठी ब्रिज लावून सूर झटक्यात सुरू करा. ट्रॉम्बोनसाठी खालच्या तारेवर सरकत सुरात जा. वाद्य कुठलं वाटेल हे अर्ध्याहून अधिक सुराच्या सुरुवातीवर ठरतं. म्हणून ते वाद्य आधी ऐका, फुंकणारा श्वास कुठं घेतो ते टिपा आणि गिटारवरही तिथंच थांबा.

एकावर एक ओळी रचताना हार्मोनायझर पेडल वापरू नका. क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमांवर सिंथेसायझर वापरलेला नाही असं अभिमानानं छापलेलं असायचं, आणि गिटारींचे हे थरही प्रत्येक ओळ वेगळी वाजवून केलेले आहेत. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन आणि ड्रमवादक रॉजर टेलर गळ्यानं जशी तिपदरी हार्मनी रचत तशीच ही गिटारीची. (पियानोचे धडे फ्रेडीनं पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घेतले. साताऱ्याच्या डोंगरात वाढलेला तो कान या आवाजांच्या रचनेत आहे, हे आठवलं की मला अजून भरून येतं.)

मुख्य ओळ आधी गाऊन पक्की करा. समजा ती प ध सां नि अशी आहे. वरची ओळ मधला एक स्वर सोडून काढली तर नि सां गं रें येते. पण ही यांत्रिक पद्धत जशीच्या तशी वापरू नका. खाली सा-ग-प हा कॉर्ड चालू असेल आणि सूर लांब धरायचा असेल, तर तिन्ही ओळींनी सा, ग, प यांतलेच सूर वाटून घ्यावेत. चालत्या, छोट्या सुरांना मोकळीक द्या, थांबणाऱ्या सुरांना कॉर्डमध्ये बसवा. प्रत्येक ओळ गिटारीशिवाय गुणगुणता आली पाहिजे. मधली ओळ गुणगुणायला कंटाळवाणी वाटली तर ती बदला.

रेकॉर्ड करताना प्रत्येक ओळीला पिकअपची जोडी बदला. मुख्य ओळ ब्रिज-मध्य, वरची उलट्या फेजमध्ये, खालची नेकवर किंवा डीकीमधून. सगळ्या एकाच आवाजात घेतल्या तर त्या एकमेकींत विरघळून एक जाड ढीग होतो. गेन सोलोपेक्षा कमी ठेवा, व्हॉल्यूम सातच्या आसपास. तीन ओळींचं फुटणं एकत्र आल्यावर आपोआप वाढतं. व्हायब्रॅटो तिन्हींत एकाच वेळी सुरू व्हावा, आणि सूरही एकाच वेळी सोडावा. सुरुवात पाच-दहा मिलिसेकंदांनी पुढंमागं झाली तरी चालते, शेवट सुटा पडला की लगेच जाणवतो. म्हणून दुसरी आणि तिसरी ओळ घेताना कान पहिलीच्या शेवटाकडे ठेवा.

मिक्समध्ये मुख्य ओळ मध्यावर, बाकी दोन डावी-उजवीकडे साठ-सत्तर टक्के आणि तीनेक डेसिबल खाली. तिन्हींवर १५० हर्ट्झखालचं कापा, ती जागा बासची आहे. रिव्हर्ब द्यायचाच तर तिन्ही ओळी एका बसवर (एकत्र मिसळण्याच्या ट्रॅकवर) नेऊन एकच, छोट्या खोलीचा, हलका द्या. तो बंद केल्यावर फरक कळावा पण चालू असताना लक्षात येऊ नये, इतकाच पुरे.